खाचेपाशी नेमकं कधी तुटतं? ६०६१ ची पट्टी, एफईए आणि यूटीएम यांचा मेळ बसेना

वाळूज_फिक्श्चर

मंडळी, प्रश्न थोडा लांब आहे.

६०६१-टी६ ॲल्युमिनियमची ४ मिमी जाड, ६० मिमी रुंद पट्टी. दोन्ही कडांना समोरासमोर १० मिमी खोल यू खाचा, तळाची त्रिज्या १ मिमी, २ मिमीच्या एंड मिलने काढलेल्या. मध्ये ४० मिमी उरतात. भार सरळ ओढीचा आणि सावकाश. फटीग (पुन्हा पुन्हा येणारा भार) नाही. सर्टिफिकेटवर यील्ड (कायमचं ताणणं सुरू होतं तो ताण) २७५, यूटीएस (ओढीतली कमाल ताकद) ३१८ एमपीए.

लिनिअर एफईए (पदार्थ लवचिकच धरून संगणकावर केलेलं ताण-विश्लेषण) १० किलोन्यूटनला खाचेच्या तळाशी २९९ एमपीए दाखवायलंय. या हिशेबाने १०.६ किलोन्यूटनला यूटीएस गाठला आणि पट्टी तुटायला पाहिजे. यूटीएमवर (ओढून तोडायच्या मशीनवर) ती ५० च्या पुढं जाऊन तुटली. पाचपट फरक! प्लास्टिसिटी (यील्डनंतरचं वाहणं) लावली तर विश्लेषण पुढं चालतच राहतं, तुटायचा आकडा देत नाही. डॅमेज मॉडेल (पदार्थ तुटताना दाखवणारं) चालू केलं की आकडा येतो, पण मेश (विश्लेषणातली एलिमेंटची जाळी) बदलला की तोही बदलतो.

प्रत्यक्षातला भाग मोठा आहे: २०० मिमी रुंद, खाचा ४०-४० मिमी खोल, त्रिज्या आणि जाडी तीच. आमचं यूटीएम १०० किलोन्यूटनचं. सध्या विचार असा चाललाय की छोटी पट्टी नेट सेक्शनवर (खाचांमध्ये उरलेल्या भागावर) यूटीएसला तुटली, तर मोठीही तशीच तुटेल. १२० × ४ × ३१८, म्हणजे १५२ किलोन्यूटन. हे बरोबर आहे का?

---

खाच_आणि_भेग

नाही. आणि चूक धोकादायक बाजूला आहे. मोठा भाग १५२ च्या बराच आधी, साधारण १११ ते १२३ किलोन्यूटनच्या पट्ट्यात जाईल.

तुमचे तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

खाचेच्या तळाचा एक बिंदू यूटीएसला पोचला म्हणून भाग तुटत नाही. तिथं पदार्थ वाहतो, शेजारी भार उचलतात. लवचिक विश्लेषणातला कमाल ताण यूटीएसशी ताडून पाहणं काचेलासुद्धा नीट लागू पडत नाही, ६०६१ तर दूरच.

छोट्या पट्टीचं नेट क्षेत्रफळ १६० चौरस मिमी. गुणिले ३१८ म्हणजे ५०.९ किलोन्यूटन. पट्टी तिथंच तुटली, कारण खाचेतून भेग पुढं जायच्या आधी सगळा मधला भागच यील्ड होऊन वाहून गेला. याला प्लास्टिक कोलॅप्स म्हणतात. त्या चाचणीने खाचेबद्दल काहीच सांगितलं नाही. खाचेऐवजी नुसती ४० मिमीची पट्टी ओढली असती तरी जवळपास हाच आकडा आला असता.

खाचेतून होणाऱ्या फ्रॅक्चरचा भार आकारमानाच्या प्रमाणात वाढत नाही. भेगेशी संबंधित राशीत लांबीचं वर्गमूळ असतं, कोलॅप्समध्ये सरळ क्षेत्रफळ. भाग मोठा होत गेला की कधीतरी फ्रॅक्चरचा भार कोलॅप्सच्या खाली येतो. म्हणून दोन्ही भार काढायचे आणि लहान असेल तो खरा मानायचा.

---

वाळूज_फिक्श्चर

सर, १११ कुठून आला ते दाखवता का? आमच्याकडं साधं एफईए आणि टेन्साइल टेस्ट एवढंच आहे.

---

खाच_आणि_भेग

तेवढं पुरतं, फक्त फ्रॅक्चर टफनेसचा (भेग पुढं जायला पदार्थ किती विरोध करतो त्याचा) एक आकडा जोडावा लागेल. पद्धत दोन तुकड्यांची आहे: तोराबी यांनी २०१२ मध्ये मांडलेली 'समतुल्य पदार्थ' कल्पना, आणि तिच्यावर क्रिटिकल डिस्टन्स, म्हणजे खाचेच्या तळावर नव्हे तर ठरावीक अंतर आत ताण बघायचा.

कल्पना अशी. तुमचा पदार्थ वाहणारा आहे. त्याच्या जागी एक काल्पनिक ठिसूळ पदार्थ धरा. त्याचा यंग्ज मॉड्युलस तोच, टफनेस तोच. मात्र त्याचा आलेख तुटेपर्यंत सरळ रेष. त्याची ताकद अशी निवडायची की तुटेपर्यंत दर घनमीटरला लागणारी ऊर्जा खऱ्या पदार्थाला कमाल भारापर्यंत लागणाऱ्या ऊर्जेइतकीच भरेल. एवढं झालं की पुढचं सगळं लिनिअर.

पहिली पायरी, आलेख. टेन्साइल टेस्टचा इंजिनिअरिंग आलेख ट्रू ताण-स्ट्रेनमध्ये बदला. ट्रू ताण = ताण × (१ + स्ट्रेन), ट्रू स्ट्रेन = (१ + स्ट्रेन) चा नैसर्गिक लॉग. हे फक्त कमाल भारापर्यंतच चालतं. नेकिंग (नग एका जागी बारीक होणं) सुरू झाल्यावर सूत्र मोडतं. ०.२ टक्के प्लास्टिक स्ट्रेनपासून कमाल भारापर्यंत लॉग-लॉगवर सरळ रेष बसवा. ती हार्डनिंग गुणांक आणि घातांक देते. तुमच्या यील्ड-यूटीएसला जुळणारी जोडी मी गुणांक ४०० एमपीए, घातांक ०.०६ अशी धरली. ताळा घ्या: ०.००२ ला २७५ येतो, आणि ०.०६ स्ट्रेनला ट्रू ३३८, म्हणजे इंजिनिअरिंग ३१८. जुळलं.

दुसरी, ऊर्जा. लवचिक भाग = यील्डचा वर्ग ÷ (२ × मॉड्युलस). मॉड्युलस ७०,००० एमपीए धरून ०.५४ मेगाज्यूल प्रति घनमीटर. प्लास्टिक भाग = गुणांक ÷ (घातांक + १) × [कमाल भाराच्या स्ट्रेनचा (घातांक + १) वा घात, वजा ०.००२ चा तोच घात]. म्हणजे ३७७.४ × (०.०५०७ − ०.००१४) = १८.६. बेरीज १९.१४.

तिसरी, आभासी ताकद = √(२ × मॉड्युलस × ऊर्जा) = १६३७ एमपीए. आकडा पाहून दचकू नका. हा ताण पट्टीत कुठंही प्रत्यक्षात येत नाही. लिनिअर एफईए जो फुगवलेला ताण दाखवतं, त्याच चलनातली ही ताकद आहे.

चौथी, क्रिटिकल डिस्टन्स. अंतर = (१ ÷ पाय) × (टफनेस ÷ आभासी ताकद) चा वर्ग. ४ मिमी जाडीसाठी टफनेस ३८ एमपीए√मी धरला. अंतर ०.१७२ मिमी. पॉइंट मेथड म्हणते: खाचेच्या तळापासून या अंतराच्या निम्म्यावर, म्हणजे ०.०८६ मिमी आत, लिनिअर ताण १६३७ झाला की फ्रॅक्चर. लाइन मेथड म्हणते: तळापासून अंतराच्या दुपटीपर्यंत, म्हणजे ०.३४३ मिमीपर्यंतची ताणाची सरासरी १६३७ झाली की फ्रॅक्चर.

पाचवी, भार. यू खाचेसाठी क्रीगर-पॅरिस (१९६७) सूत्र वापरलं की मेशच्या भानगडीत न पडता हाताने होतं. खाचेची तीव्रता = कमाल ताण × √(पाय × त्रिज्या) ÷ २. मोठ्या भागाला १० किलोन्यूटनवर नेट ताण २०.८ एमपीए, नेट सेक्शनवरचा ताण-केंद्रण गुणांक (कमाल ताण नेट ताणाच्या किती पट) ८.२७, कमाल ताण १७२ एमपीए, म्हणून तीव्रता ४.८३ एमपीए√मी. १ मिमी त्रिज्येला फ्रॅक्चरची तीव्रता पॉइंट मेथडने ५३.६ आणि लाइन मेथडने ५९.६ येते. भागाकार करा: १११ आणि १२३ किलोन्यूटन.

लाइन मेथडचं सूत्र तर एका ओळीचं आहे: टफनेस × √(१ + त्रिज्या ÷ (४ × अंतर)).

हाच हिशेब छोट्या पट्टीला लावला तर पॉइंट मेथडने ६४ किलोन्यूटन येतात. कोलॅप्स ५१ ला. लहान तो खरा, म्हणून ती ५१ च्या आसपास तुटली.

---

जालना_रोलिंग

हिशेब लै भारी, पण पहिल्या पायरीतच निम्मे लोक घसरतात. सर्टिफिकेटवर 'इलाँगेशन १२ टक्के' लिहिलेलं असतं, ते उचलून कमाल भाराचा स्ट्रेन म्हणून घालतात. १२ टक्क्यांत नेकिंगनंतरचं ताणणंही आलं. इथं ०.०६ ऐवजी ०.१२ घालून बघा: ऊर्जा ३९.९, आभासी ताकद २३६३. म्हणजे ४४ टक्क्यांनी फुगली.

दुसरं, क्रॉसहेडच्या (मशीनच्या सरकत्या आडव्या भागाच्या) सरकण्यावरून स्ट्रेन काढू नका. त्यात ग्रिपची घसर, फ्रेमचं ताणणं सगळं येतं. ओळखायची खूण सोपी आहे: आलेखाचा सुरुवातीचा उतार ७० जीपीएच्या जवळपास यायला हवा. १५-२० जीपीए आला तर तो मशीनचा उतार आहे, ॲल्युमिनियमचा नव्हे. ५० मिमीचा एक्स्टेन्सोमीटर (नगावरच स्ट्रेन मोजायचं साधन) लावा आणि तो कमाल भार ओलांडेपर्यंत काढू नका. इथल्या बऱ्याच लॅबमध्ये यील्ड झालं की लगेच काढून घेतात, नग तुटताना खराब होईल म्हणून. मग तुम्हाला हवा तोच भाग आलेखातून गायब. आयएस १६०८ प्रमाणे टेस्ट सांगताना 'कमाल भारापर्यंत एक्स्टेन्सोमीटर आणि कच्चा डेटा फाइलमध्ये' असं वेगळं लिहून द्या.

---

वाळूज_फिक्श्चर

आमच्याकडं नेमकं तसंच झालंय, एक्स्टेन्सोमीटरचा डेटा १ टक्क्यापर्यंतच आहे. परत करून घेतो.

टफनेस ३८ का? तक्त्यांत ६०६१-टी६ चा २९ दिसायलाय.

---

खाच_आणि_भेग

२९ हा प्लेन स्ट्रेनचा आकडा, म्हणजे जाड ठोकळ्याचा. त्याची अट जाडी ≥ २.५ × (टफनेस ÷ यील्ड) चा वर्ग. हिशेब केला तर २८ मिमी येते. तुमची पट्टी ४ मिमी. पातळ पट्टीत कडेचा पदार्थ आत ओढला जाऊ शकतो, प्लास्टिक झोन मोठा होतो, टफनेस वाढतो. ३८ मी हिशेब दाखवायला घेतला. तुमच्या लॉटचा आणि जाडीचा मोजून घ्या. २९ घातला तर उत्तर सुरक्षित बाजूला पण जास्तच कंजूष येईल.

मोजताना एक अट कटाक्षाने पाळा. भेगेपुढं शिल्लक राहिलेली रुंदी किमान (४ ÷ पाय) × (टफनेस ÷ यील्ड) चा वर्ग हवी. इथं २४ मिमी. लिगामेंट (ही शिल्लक रुंदी) याहून लहान असेल तर नमुना कोलॅप्स होऊन तुटतो आणि निघणारा 'टफनेस' पदार्थाचा नसून नमुन्याच्या मापाचा असतो. छोटे नमुने करून स्वस्तात भागवायला जाणाऱ्यांची इथंच फसगत होते.

रोलिंगची दिशाही चिठ्ठीवर लिहा. भेग रोलिंगच्या दिशेने धावली तर टफनेस कमी भरतो. पट्टी कोणत्या बाजूने कापली हे शॉपमध्ये कुणाला आठवत नाही, म्हणून शीट कापायच्या आधीच मार्करने बाण काढायचा.

---

सूक्ष्मदर्शी_ताई

दोन गोष्टी जोडते.

पॉइंट मेथड आणि क्रीगर-पॅरिस एकत्र वापरताना एक विचित्र प्रकार होतो, तो माहीत असलेला बरा. वरच्याच आकड्यांनी त्रिज्या बदलत गेलं तर फ्रॅक्चरची तीव्रता २ मिमीला ७०.४, १ मिमीला ५३.६, अर्ध्या मिमीला ४३.१, पाव मिमीला ३७.४, आणि ०.१ मिमीला ३५. म्हणजे बोथट खाच टोकदार भेगेपेक्षा (३८) कमजोर! असं प्रत्यक्षात होत नाही. हा सूत्राचा दोष आहे. या पदार्थासाठी साधारण पाव मिमीच्या खाली त्रिज्या असेल तर सरळ भेग समजा आणि टफनेस तसाच वापरा. लाइन मेथडमध्ये ही अडचण येत नाही. ती १ मिमीला ५९.६, अर्ध्या मिमीला ५० आणि शून्याला नीट ३८ वर येऊन थांबते.

दुसरं, एफईएतला बिंदू ०.०८६ मिमी आत वाचायचा असेल तर खाचेच्या तळाशी एलिमेंट ०.०२ मिमीचे लागतील. संपूर्ण भागाला असा मेश देणं वेडेपणा आहे. चतुर्थांश भाग, प्लेन स्ट्रेस (पातळ पट्टीची स्थिती), क्वाड्रॅटिक एलिमेंट, आणि फक्त खाचेभोवती बारीक मेश. कमाल ताणावरून तीव्रता काढायची असेल तर त्रिज्येच्या विसाव्या भागाइतका एलिमेंट पुरतो. मेश निम्मा करून कमाल ताण एका टक्क्यापेक्षा जास्त हलत नाही ना, एवढं पाहायचं.

---

वाळूज_फिक्श्चर

ताई, दोन्ही मेथडमध्ये १२ किलोन्यूटनचा फरक आहे. डिझाइनला कुठला धरायचा?

---

सूक्ष्मदर्शी_ताई

खालचा. आणि दोघींमधला फरक ही तुमच्या अनिश्चिततेची किमान पट्टी समजा. टेन्साइल आणि टफनेसच्या आकड्यांचं विखुरणं त्यावर वेगळं.

त्रिज्या मोठी करायची मुभा असेल तर हे बघा. त्याच मोठ्या भागाला २ मिमी त्रिज्या दिली तर पॉइंट १४२, लाइन १५२, आणि कोलॅप्स १५२.६. म्हणजे २ मिमीला तुम्ही छताला टेकलात. ३ किंवा ४ मिमी करून स्थिर भारात काही हाती लागणार नाही, मशीनिंगचा वेळ मात्र कमी होईल, तेवढा फायदा. उलट कुणी अर्ध्या मिमीवर आणलं तर पॉइंट मेथडने भार ९० किलोन्यूटनच्या आतबाहेर येतो.

---

डॅमेज_मॉडेल

हे सगळं हाताचे हिशेब झाले. आजच्या काळात गर्सन-ट्व्हेरगार्ड किंवा जॉन्सन-कुक ही डॅमेज मॉडेलं लावून थेट तुटणं दाखवता येतं. खाचेजवळ त्रिअक्षीयता (तिन्ही दिशांनी एकदम ओढ) किती वाढते हे समतुल्य पदार्थाला कुठं कळतं?

---

खाच_आणि_भेग

मुद्दा खरा आहे. ब्रिजमनच्या सूत्रानुसार खाचेच्या गोल सळीत मध्यावरची त्रिअक्षीयता = १/३ + नैसर्गिक लॉग(१ + सळीची त्रिज्या ÷ (२ × खाचेची त्रिज्या)). मानेपाशी ३ मिमी त्रिज्या आणि खाच १.५ मिमीची असेल तर १.०३, साध्या सळीत ०.३३. तिप्पट! त्रिअक्षीयता वाढली की पोकळ्या लवकर फुगतात आणि तुटायचा स्ट्रेन झपाट्याने घसरतो. जाड भागात हे टाळून चालत नाही.

पण जॉन्सन-कुकचे स्ट्रेनचे तीन स्थिरांक काढायचे तर निरनिराळ्या खाचांच्या सळ्या, शिअरचा नमुना, आणि प्रत्येकाचं एफईए हवं. ते न करता दुसऱ्या कुणाच्या पेपरमधले ६०६१ चे स्थिरांक आणून घातले तर उत्तर रंगीत येईल, बरोबर येईलच असं नाही. आणि एलिमेंट डिलीट करणाऱ्या मॉडेलला मेशचं माप हाही एक पदार्थ-स्थिरांकच असतो. मूळ प्रश्नातला 'मेश बदलला की आकडा बदलतो' हा त्याचाच परिणाम. ज्या मापावर कॅलिब्रेट केलं तेच माप भागात ठेवावं लागतं, मग भाग कितीही मोठा असो.

४ मिमीची पट्टी, सावकाश ओढ, एक खाच, एवढ्यासाठी वरचा हिशेब पुरे. जाड फोर्जिंग, धडक, वाकडातिकडा भार असेल तर तुमची बाजू.

---

डॅमेज_मॉडेल

मान्य. मग निदान न्यूबरचा नियम तरी? १९६१ पासून चालत आलाय, प्लास्टिक स्ट्रेन लगेच देतो.

---

सूक्ष्मदर्शी_ताई

न्यूबर खाचेच्या तळाचा स्ट्रेन देतो, तुटायचा निकष देत नाही. फटीगच्या लोकल स्ट्रेन पद्धतीत तो शोभतो. शिवाय नेट सेक्शन यील्डजवळ गेलं की त्याचा मूळ आधारच सुटतो.

स्ट्रेन एनर्जी डेन्सिटी आवडत असेल तर लाझारिन-झाम्बार्दींची २००१ ची पद्धत घ्या. खाचेच्या तळाभोवती ठरावीक क्षेत्रात सरासरी ऊर्जा काढायची, ती १९.१४ झाली की फ्रॅक्चर. प्लेन स्ट्रेसमध्ये नियंत्रण त्रिज्या = (५ − ३ × पॉयसन) ÷ (४ × पाय) × (टफनेस ÷ आभासी ताकद) चा वर्ग; पॉयसन ०.३३ ला ०.१७२ मिमी. यू खाचेत क्षेत्र चंद्रकोरीच्या आकाराचं: केंद्र तळापासून अर्धी त्रिज्या मागे पोकळीत, बाहेरची त्रिज्या ०.५ + ०.१७२. सरासरी घ्यायची असल्याने मेश जाड असला तरी चालतं, हा मोठा फायदा. तिरका भार असेल तर मात्र चंद्रकोर कमाल ऊर्जेच्या दिशेला वळवायला विसरू नका.

---

लातूर_ठिबक

धातूचं समजलं. प्लास्टिकला चालतं का हे? पॉलिप्रॉपिलीनची थ्रेडवाली फिटिंग आहे, थ्रेडच्या मुळाशी चिरते. त्रिज्या ०.१ की ०.२ मिमी, कुणी मोजलीच नाही. आणि एक ३० टक्के काच भरलेला नायलॉन ६६ चा ब्रॅकेट, त्यालाही कोपऱ्यात चीर.

---

सूक्ष्मदर्शी_ताई

भाऊ, दोन्ही वेगळी प्रकरणं.

पॉलिमरला हार्डनिंगचं घातांकी सूत्र सहसा नीट बसत नाही. सूत्र सोडा, आलेखाखालचं क्षेत्रफळ कमाल भारापर्यंत ट्रॅपिझॉइडने थेट काढा. एक्सेलमध्ये होतं. पण भाराचा वेग आणि तापमान ठरवल्याशिवाय तो आलेख कशाचाच नाही. लॅब २३ अंशांवर टेस्ट करते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पडलेली फिटिंग ४५ च्या वर असते. त्या तापमानाला पॉलिप्रॉपिलीन मऊ होतं, एका फटक्यात तुटत नाही. मात्र सततच्या दाबाखाली महिनोन्महिने सावकाश चीर वाढते. तुमची चीर पाणी सोडून बऱ्याच दिवसांनी दिसत असेल तर वरचा हिशेब लागूच नाही, ते स्लो क्रॅक ग्रोथ आहे. आधी तुटलेल्या तोंडाकडे बघा: पांढरं, तंतू ओढल्यासारखं की सपाट, चकचकीत?

नायलॉन पाणी पितं. साधा, काच न भरलेला नायलॉन ६६ सुमारे ५० टक्के आर्द्रतेत अडीच टक्क्यांच्या आसपास पाणी धरतो, पूर्ण भिजला तर आठ-साडेआठ. ३० टक्के काच असेल तर त्या हिशेबाने कमी. कोरडा असताना कडक आणि ठिसूळ, भिजल्यावर मऊ आणि चिवट. आपल्याकडे एप्रिलमधल्या हवेत आणि ऑगस्टमधल्या हवेत तोच ब्रॅकेट दोन वेगळे पदार्थ असतो. मोल्डिंग करून लगेच सीलबंद केलेला, म्हणजे कोरडा नग घेऊन आकडे काढा. फ्रॅक्चरसाठी तीच वाईट बाजू. काचेचे तंतू कोपऱ्यात कसे वळलेत आणि वेल्डलाइन (वितळलेल्या प्लास्टिकचे दोन प्रवाह मिळतात ती रेघ) तिथंच येते का, हे गेटच्या (साच्यात प्लास्टिक शिरतं त्या तोंडाच्या) जागेवरून तपासा. वेल्डलाइनवर खाच आली असेल तर हिशेब बाजूला ठेवा आणि गेट हलवा.

समतुल्य पदार्थापेक्षा पॉलिमरला दोन खाचांची पद्धत जास्त भरवशाची. एक नमुना नव्या ब्लेडने टोकदार केलेल्या खाचेचा, एक १ मिमी त्रिज्येचा. दोन्ही त्याच वेगाने तोडा, प्रत्येकी पाच नग. प्रत्येकाच्या सरासरी तुटण्याच्या भाराला लिनिअर एफईए करून तळापासून आत जाणारा ताण-अंतराचा आलेख काढा. दोन आलेख जिथं छेदतात तिथलं अंतर म्हणजे क्रिटिकल डिस्टन्सचं निम्मं, आणि तिथला ताण म्हणजे वापरायची ताकद. ॲक्रिलिकमध्ये ही ताकद यूटीएसच्या साधारण दुप्पट निघते, म्हणून जास्त आली तरी घाबरू नका. ब्लेड प्रत्येक नगाला नवं, आणि दाबून नव्हे तर हलक्या टोल्याने. दाबलं की टोकापुढं पदार्थ चेपला जातो आणि टफनेस खोटा वाढतो.

---

मोगडा_आणि_वखर

थोडं विषयाबाहेर. ट्रॅक्टरच्या मोगड्याचे स्प्रिंग स्टीलचे फाळदांडे बोल्टच्या भोकातून तुटायलेत. यातलं काही लागू आहे का?

---

खाच_आणि_भेग

स्थिर भाराचं नाही, ते फटीग आहे. क्रिटिकल डिस्टन्स तिथंही आहे, पण टफनेसच्या जागी भेग वाढायचा थ्रेशोल्ड आणि ताकदीच्या जागी एन्ड्युरन्स लिमिट येतं. त्याआधी भोक गॅसने पाडलंय की ड्रिलने, आणि कडा चॅम्फर आहे का, एवढंच बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथंच मिळतं. सविस्तर विचारायचं तर वेगळा धागा काढा.

---

वाळूज_फिक्श्चर

शेवटचं विचारतो. १०० किलोन्यूटनच्या मशीनवर हा हिशेब पडताळायचा तर काय तोडू? १ मिमी त्रिज्येचा पूर्ण भाग १११ च्या पुढं जाणार.

---

जालना_रोलिंग

जाडी कमी करू नका, टफनेस बदलेल. रुंदी २०० आणि खोली ४० तशीच ठेवा, खाच टोकदार करा. पाव मिमीच्या तारेने वायरकट केलं की टोकाची त्रिज्या ०.१५ च्या आसपास येते. ताई म्हणायलेत तसं ती भेग समजा. १० किलोन्यूटनला तीव्रता ५.१ येते, म्हणजे ३८ ला ७५ किलोन्यूटन. मशीनमध्ये बसतं, आणि टफनेसही त्याच नगातून निघतो. वायरकटचा थर टोकाला राहतो, म्हणून शक्य असेल तर शेवटचा एक मिमी फटीगने भेग काढून घ्या.

दुसरा नग अर्ध्या मिमी त्रिज्येचा करा, १ मिमीच्या एंड मिलने. पॉइंट मेथड ९० च्या आत सांगते, लाइन मेथड १०० च्या जवळ. कोणती बरोबर ते तुमच्या पदार्थासाठी हाच नग ठरवेल. एकेका खाचेचे तीन नग किमान.

पकडीचं बघा. २०० मिमीची पट्टी वेज ग्रिपमध्ये धरू नका, एका कडेने ओढ लागते आणि दोन खाचांपैकी एकच उघडते. दोन्ही टोकांना १० मिमीच्या स्टीलच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी, हाय टेन्साइल बोल्टने आवळून, आणि मशीनला एका पिनने जोड. दोन्ही खाचांच्या तोंडाला क्लिप गेज किंवा निदान डायल लावा. २० किलोन्यूटनला दोन्हींच्या वाचनात पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला तर उतरवून पिन मध्यावर आणा, पुढं जाऊ नका.

---

सूक्ष्मदर्शी_ताई

आणि तोडायच्या आधी प्रत्येक खाच प्रोफाइल प्रोजेक्टरवर २० पटीत बघा. झिजलेल्या एंड मिलने तळाशी अर्धवर्तुळाऐवजी सपाट पट्टी आणि दोन कोपरे राहतात. मापात १ मिमी, कोपऱ्यात ०.२. ड्रॉइंगवर नुसतं 'आर १' लिहू नका. 'तळ पूर्ण त्रिज्या, किमान १.०, कोपरा नको, वायरकट नको, बर काढणे' असं लिहा.

---

वाळूज_फिक्श्चर

ड्रॉइंग बदललं. सहा नग कापायला दिले, रोलिंगचा बाण काढून. टेन्साइलही एक्स्टेन्सोमीटरसह परत लावलीय. भार आले की इथंच टाकतो.